मुंबईचे नाना आणि आपलं शुगर लँड

नाना शंकरशेट हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी पहिल्यांदा ऐकलं ते दहावीच्या निकालाच्या वेळी. संस्कृतात बोर्डात पहिला येणाऱ्याला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळते. १९१२ सालच्या मॅट्रिकला ती चिंतामणराव देशमुखांनी पटकावली होती, हे आमच्या संस्कृतच्या बाई दरवर्षी सांगायच्या. मुंबईकरांना नाना चौक माहीत असतो. गिरगावकरांना ठाकुरद्वारावरून जाणारा जगन्नाथ शंकरशेट मार्ग, म्हणजे ‘जेएसएस रोड’, माहीत असतो. त्यापुढे मात्र गाडी सहसा जात नाही.

मी पेशाने आयटी कन्सल्टंट, शिक्षण कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं. इतिहासाशी संबंध शाळेत सुटला तो सुटलाच. पण शुगर लँडला घर घेतल्यापासून एक प्रश्न डोक्यात घोळत होता, की गाव बनतं कसं? आपल्याकडे इथे सगळं आधीच ठरलेलं. रस्ते कुठे वळणार, तळं कुठे, शाळा कुठे, घराच्या विटांचा रंग कुठला, सगळं नकाशावर. मग मुंबईसारखं अस्ताव्यस्त वाटणारं शहर कोणी ठरवलं होतं का? त्याचा शोध घेता घेता नाना भेटले. त्यांचं चरित्र वाचताना शुगर लँडही जरा वेगळं दिसायला लागलं, म्हणून हा लेखनप्रपंच.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ चा. घराणं दैवज्ञ ब्राह्मण, आडनाव मुरकुटे, वडील शंकरशेट मुंबईतले बडे व्यापारी. पेशवाईच्या उत्तरार्धात या घराण्याने मुंबईत बस्तान बसवलं आणि सराफी-व्यापारात भरपूर पैसा केला. नानांना घरीच इंग्रजीचं आणि संस्कृतचं शिक्षण मिळालं. १८२२ साली वडील गेले, तेव्हा नाना अवघे एकोणीस वर्षांचे होते. एवढ्या वयात एवढी इस्टेट हातात आल्यावर मुलं काय करतात ते आपण जाणतोच. नानांनी मात्र व्यापार सांभाळत जे हाती घेतलं, त्याला आजच्या भाषेत ‘कमिटीवर बसणं’ म्हणतात. ते त्यांनी पुढची चाळीसहून अधिक वर्षं केलं.

त्या वेळची मुंबई डोळ्यांपुढे आणायची तर आजची विसरावी लागेल. किल्ल्याच्या भिंतीच्या आत, म्हणजे फोर्टात, इंग्रज आणि मोठे व्यापारी. बाहेर दाट वस्तीचं ‘नेटिव टाउन’. त्यापलीकडे गिरगावच्या नारळीच्या वाड्या. सात बेटांमधली खाजणं बुजवून जमीन जोडण्याचं काम कुठे झालेलं, कुठे चाललेलं. बंदर मोठं, पण देशावरचा कापूस बंदरापर्यंत यायचा तो बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून, घाट उतरून. पावसाळ्यात तेही अवघड.

अशा गावात नानांनी पहिलं काम धरलं ते शाळांचं. गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्या काळात, १८२२ च्या सुमारास, नेटिव मुलांसाठी शाळा आणि पुस्तकं काढणारी संस्था उभी राहिली, तिच्या कामात नाना सुरुवातीपासून होते. एल्फिन्स्टनच्या नावाने निधी जमला आणि त्यातून पुढे एल्फिन्स्टन कॉलेज आलं, तिथेही नाना होते. १८४० साली बोर्ड ऑफ एज्युकेशन स्थापन झालं, त्यातल्या तीन भारतीय सभासदांपैकी ते एक. १८४५ साली सुरू झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजलाही त्यांचा हातभार होता. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झालं तेव्हा पहिल्या फेलोंच्या यादीत त्यांचं नाव होतं.

या बोर्डातला एक वाद आपल्यासारख्या परदेशी मराठी मंडळींनी मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. बोर्डाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचं म्हणणं, की शिक्षण इंग्रजीतूनच द्यावं. नानांनी कर्नल जर्व्हिस आणि बाकीच्या दोन भारतीय सभासदांसह त्याला विरोध केला. मूठभरांना इंग्रजी येऊन भागणार नाही, बहुसंख्य लोकांपर्यंत ज्ञान पोचवायचं तर ते त्यांच्याच भाषेतून पोचेल, ही त्यांची भूमिका. स्वतः उत्तम इंग्रजी जाणणारा माणूस हे म्हणत होता! दर रविवारी मुलांना मराठी शाळेत नेऊन सोडणाऱ्या आईबापांना हा मुद्दा वेगळा समजावून सांगायला नको.

मुलींच्या शाळेची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी १८४८ साली स्टुडंट्स सोसायटी काढली आणि लगेचच मुलींसाठी शाळा सुरू करायचं ठरवलं. पण जागा कोण देणार? मुलींना शिकवणं हेच तेव्हा अनेकांना पाप वाटत होतं. नानांनी गिरगावातल्या आपल्या वाड्याच्या आवारात जागा दिली. भाषण देणं सोपं असतं, पण स्वतःच्या अंगणात लोकांचा रोष ओढवून घ्यायला वेगळी छाती लागते.

आता शहराच्या कारभाराकडे येऊ. मुंबईत त्या काळी नगरपालिका म्हणावी अशी गोष्ट नव्हती. रस्ते, साफसफाई, घरपट्टी ही कामं जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे जे. पी. मंडळी बघत, आणि १८३४ पर्यंत हा मान फक्त युरोपियनांना होता. कर भरायचा आपण आणि तो कुठे खर्च करायचा ते ठरवायचं साहेबांनी. कायदा बदलला तेव्हा जे पहिले काही भारतीय जे. पी. झाले त्यांत नाना होते. मुंबईच्या कारभाराच्या टेबलाशी आपल्या माणसांना खुर्ची मिळाली ती अशी.

आणि मग रेल्वे. मुंबईहून आत देशावर लोहमार्ग न्यावा ही कल्पना १८४३ च्या सुमारास चर्चेत आली. कापसाचे व्यापारी, इंग्रज अधिकारी सगळेच त्यावर बोलत होते. नाना आणि सर जमशेटजी जिजीभाई यांनी नुसतं बोलण्यावर न थांबता १८४५ साली ‘ग्रेट ईस्टर्न रेल्वे’ नावाची कंपनी काढण्यात पुढाकार घेतला. पुढे लंडनमध्ये उभ्या राहिलेल्या ग्रेट इंडियन पेनिन्शुला, म्हणजे जीआयपी रेल्वेत ती विलीन झाली आणि या दोघांना तिच्या मुंबईच्या संचालक मंडळावर घेतलं गेलं. कंपनीला कचेरी हवी होती. ती कुठे उघडली असेल? नानांच्याच वाड्यात.

१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली गाडी निघाली. चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित, तीन इंजिनं आणि एकवीस तोफांची सलामी. अंतर एकवीस मैल. त्या निमंत्रितांत नानाही होते. दहा वर्षांत, १८६३ साली, बोरघाटातला मार्गही पूर्ण झाला. बैलांच्या पाठीवरून येणारा कापूस वाघिणीतून येऊ लागला, आणि त्याच रुळांवरून घाटावरची, कोकणातली माणसं मुंबईला कामाला येऊ लागली. १८४९ मध्ये मुंबईची वस्ती साडेपाच लाखांच्या थोडी वर होती. १८६४ च्या खानेसुमारीत ती आठ लाख सोळा हजारांवर गेली. आजही आपले नातेवाईक घराचा पत्ता सांगताना आधी स्टेशन सांगतात आणि मग ईस्ट की वेस्ट ते. मुंबई रुळांच्या काठाने वाढली याचा याहून मोठा पुरावा नको.

इथे मंडळी, एक गंमत. आपल्या शुगर लँडमधून हायवे ९० एला लागून जो रेल्वेमार्ग जातो, ज्याच्या मालगाडीपायी आपण फाटकाशी खोळंबतो, त्याची सुरुवातही १८५३ ची आहे. टेक्सासमधली पहिली रेल्वे म्हणजे बफेलो बायू, ब्राझोस अँड कोलोरॅडो. ती ७ सप्टेंबर १८५३ रोजी हॅरिसबर्गहून स्टॅफर्ड्स पॉइंटपर्यंत धावली. म्हणजे आपलं शेजारचं स्टॅफर्ड! अंतर वीस मैल. ठाण्याची गाडी आपल्या स्टॅफर्डच्या गाडीपेक्षा जवळजवळ पाच महिन्यांनी थोरली. कारणही तेच, शेतातला माल बंदराकडे नेणं. इथे साखर आणि कापूस, तिथे कापूस.

पण रुळ आले की जमिनीला भाव येतो, आणि जमिनीला भाव आला की जे आधीपासून तिथे आहेत त्यांना हलवायची भाषा सुरू होते. मुंबईत हा प्रश्न मेलेल्यांच्या बाबतीतही उभा राहिला. गिरगावजवळच्या सोनापूरला हिंदूंची स्मशानभूमी होती. वस्ती वाढत तिच्यापर्यंत आली, तेव्हा सरकारने ती शिवडीला हलवायचा घाट घातला. नकाशावर बघितलं तर सोयीचंच होतं ते. पण ज्या काळात प्रेत खांद्यावरून न्यायचं, त्या काळात गिरगावातल्या गरीब माणसाने शिवडीपर्यंतची वाट भर पावसात कशी तुडवायची? आणि जिथे बापजाद्यांना अग्नी दिला ती जागा सोडायची कशी? नानांनी लोकांच्या वतीने हा प्रश्न लावून धरला आणि सरकारला तो बेत सोडावा लागला. ही घटना मला त्यांच्या रेल्वेइतकीच मोठी वाटते. सरकारला जी जागा मोकळी करून घ्यायची होती ती रिकामी नव्हती, हे कोणीतरी योग्य ठिकाणी, योग्य वेळी उठून सांगावं लागतं. नाना त्या टेबलाशी बसलेले होते म्हणून ते सांगू शकले.

राजकारणातही ते मागे नव्हते. २६ ऑगस्ट १८५२ रोजी बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली, तिच्या उभारणीत नाना आघाडीवर होते. कंपनी सरकारच्या कारभाराबद्दलची गाऱ्हाणी असोसिएशनने अर्ज करून थेट पार्लमेंटपुढे मांडली. १८५७ च्या उठावानंतर इतका मान्यवर माणूस असूनही नानांवर संशय घेतला गेला, चौकशी झाली. तीतून ते निर्दोष सुटले. १८६२ साली मुंबईच्या कायदेमंडळावर पहिले जे भारतीय नेमले गेले त्यांत ते होते. त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला भायखळ्याची राणीची बाग खुली झाली आणि तिथल्या म्युझियमची कोनशिला बसली. म्युझियमच्या समितीचे अध्यक्ष नाना, आणि डॉ. भाऊ दाजी लाड त्यांच्या बरोबरीने खपणारे. लहानपणी आपण सगळे जिथे हत्ती आणि पाणघोडा बघायला गेलो, ती बाग आणि ते म्युझियम अशा बैठकांतून आलेलं आहे. म्युझियम १८७२ साली उघडलं. ते बघायला नाना नव्हते.

नानांच्या आयुष्याचा शेवट झाला ते १८६५ साल मुंबई आणि टेक्सास दोघांनाही हलवून गेलं. अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना दक्षिणेतला कापूस इंग्लंडला जाईना, म्हणून मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पैशाचा पूर लोटला, समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या, शेअर आकाशाला भिडले. एप्रिलमध्ये युद्ध संपलं आणि १ जुलै १८६५ ला मुंबईचा बाजार कोसळला. त्याच्या बारा दिवस आधी, १९ जूनला, आपल्यापासून तासाभरावर असलेल्या गॅल्व्हस्टनमध्ये टेक्सासमधले गुलाम मुक्त झाल्याची घोषणा झाली. तो दिवस म्हणजे आपल्याला सुट्टी असते ती जूनटीन्थ. आणि ३१ जुलैला मुंबईत नानांचं निधन झालं.

गुलामगिरी संपली, पण उसाच्या मळ्यांना माणसं तर हवीच होती. मग टेक्सासने कैदी भाड्याने द्यायला सुरुवात केली. १८७८ साली कनिंगहॅम आणि एलिस या दोघा मळेवाल्यांनी राज्यातले सगळेच्या सगळे कैदी भाड्याने घेतले. त्यांतले बहुसंख्य कृष्णवर्णीय, कित्येक किरकोळ गुन्ह्यांसाठी आत टाकलेले. ते इथल्या दलदलीत राबले, मेले आणि तिथेच पुरले गेले. पुढे १९०८ साली इम्पीरियल शुगर कंपनी आली, कंपनीचं गाव झालं, १९५९ साली रीतसर शहर झालं. १९७७ पासून फर्स्ट कॉलनी आखली गेली, आणि मग आपण आलो. साखर कारखाना २००३ साली बंद झाला. टेलफेअरमध्ये जिथे आपली पोरं डायनॉसोर बघायला गेली ती म्युझियमची इमारत जुन्या तुरुंगाची, आणि आजूबाजूची सुबक घरं तुरुंगाच्या शेतजमिनीवरची.

२०१८ साली इथे शाळेच्या नव्या इमारतीसाठी खोदताना पंच्याण्णव माणसांचे सांगाडे मिळाले. ते या भाड्याच्या कैद्यांचे होते. रेजिनाल्ड मूर नावाचे गृहस्थ, जे पूर्वी टेक्सासच्या तुरुंगात गार्ड होते, कित्येक वर्षं सांगत होते की या भागात कबरी असणार, खोदण्याआधी बघा. हे ते कुठलंही पद नसताना, मीटिंगांना जाऊन जाऊन सांगत. सांगाडे निघाले तेव्हा त्यांचं म्हणणं खरं ठरलं. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्या पंच्याण्णव जणांना त्याच जागी पुन्हा मूठमाती दिली गेली. मूर २०२० साली वारले. सोनापूरच्या वेळी जागेबद्दल बोलणारा माणूस टेबलाशी बसलेला होता. इथे तो माणूस दाराशी उभा राहून ओरडत होता. फरक एवढाच, आणि तो केवढा मोठा!

नानांना देव करायची मला इच्छा नाही. ते गर्भश्रीमंत होते, सरकारदरबारी त्यांचं वजन होतं, आणि त्यांना कोणी निवडून दिलेलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांदेखत मुंबईत पहिली कापडगिरणी सुरू झाली, पण गिरणीत आणि गोदीत राबणारा माणूस त्या बैठकांना कधीच नव्हता. त्याने कुठे राहायचं हे कोणी ठरवलं नाही, म्हणून तो पुढे दहा बाय दहाच्या खोलीत सात-आठजणांत राहिला. टेबलाशी जो बसतो त्याला दिसतं तेवढंच गाव आखलं जातं. नानांची थोरवी ही, की आपल्या समाजातल्या इतरांपेक्षा त्यांना बरंच लांबचं दिसत होतं.

आता थोडं आपल्याबद्दल. शुगर लँडची वस्ती २००० साली त्रेसष्ट हजार होती, २०२० च्या जनगणनेत एक लाख अकरा हजार झाली. त्यात २०१७ च्या अखेरीस जोडले गेलेले ग्रेटवुड आणि न्यू टेरिटरीही आले. यात आपल्या भारतीय मंडळींची भर किती आहे ते कुठल्याही ग्रोसरी स्टोअरात शनिवारी संध्याकाळी दिसतं. पण शहराच्या प्लॅनिंग अँड झोनिंग कमिशनची मीटिंग असते तेव्हा आपल्यातले किती दिसतात? शेजारच्या ह्यूस्टनमध्ये झोनिंगच नाही. आपल्याकडे आहे, म्हणजे मोकळ्या प्लॉटवर अपार्टमेंट येणार की गोदाम, हे कोणीतरी बसून ठरवतं. प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलात कित्येकांना ‘मड’ची, म्हणजे म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्टची ओळ असते. पाणी आणि सांडपाण्याच्या पाइपांसाठी काढलेल्या कर्जाचे ते हप्ते. त्या मडचं संचालक मंडळ निवडून येतं आणि त्याच्या निवडणुकीला मतं किती पडतात हे बघितलंत तर आपल्या मंडळाची निवडणूक जोरदार वाटेल! आम्ही सगळे व्हॉट्सॲपवर एचओएला शिव्या देतो, त्यात मीही असतो. वार्षिक सभेला मात्र खुर्च्या रिकाम्या.

नानांना मताचा अधिकार नव्हता, राज्य परक्यांचं होतं. तरी मिळाली ती खुर्ची त्यांनी धरली, मिळाली नाही तिथे मागून घेतली, आणि जागा कमी पडली तिथे स्वतःचा वाडा उघडा केला. मुलींची शाळा काय किंवा रेल्वेची कचेरी काय. आपल्यापैकी अनेकांना आता इथे मत आहे, बोलायची मुभा आहे, अजेंडा आधी जाहीर होतो, आणि सिटी हॉल टाउन स्क्वेअरमध्येच आहे, पार्किंगसुद्धा मिळतं.

२०२५ साली मुंबईची भुयारी मेट्रो कुलाब्याच्या टोकापर्यंत पूर्ण झाली. तिच्या मुंबई सेंट्रलच्या स्टेशनाला जगन्नाथ शंकरशेट यांचं नाव आहे. याच मार्गासाठी गिरगाव-काळबादेवीतल्या जुन्या इमारती पाडल्या गेल्या, कित्येक भाडेकरूंना घरं सोडावी लागली, आणि त्यांचं तिथेच पुनर्वसन व्हावं म्हणून माणसं सभांना जाऊन भांडली. शहर वाढतं तेव्हा हे असंच चालतं, तिथेही आणि इथेही. या दिवाळीनंतर शहराची पहिली मीटिंग असेल तिला मी जाणार आहे. आमच्या सबडिव्हिजनमागच्या मोकळ्या जागेचं काय होणार ते विचारायचं आहे, आणि त्याआधी तिथे काय होतं, हेही. कोणाला यायचं असेल तर गाडीत तीन जागा आहेत.

दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!